शाईचं तळं आणि विनिपेगचे जिने

नव्या मुंबईत आजवर जेवढे पूर आले त्यांतला सगळ्यात मोठा पूर पावसाळ्यात आलाच नाही. तो आला १९८५ सालच्या मार्च महिन्यात, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आणि तोही एका दोन इंची बाटलीतून.

झालं असं की नव्या शहराचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात अरुणा केळुसकर नावाची बावीस वर्षांची ट्रेसर नेरूळच्या एका सेक्टरावर ओणवी होऊन शेवटची गल्ली शाईत ओढत होती. तीन आठवड्यांचं काम. आणखी चार बोटं रेघ ओढली की सेक्टर पुरा. तेवढ्यात दार उघडलं आणि सुधीर शेवाळे नावाचा नवा आर्किटेक्ट आत आला. ‘आत आला’ म्हणणं हा निव्वळ सभ्यपणा झाला. खरं म्हणजे आधी त्याच्या काखेतली लांबलचक टी-पट्टी आत आली. मारुतीनं गदा धरावी तशी ती त्यानं धरली होती. पट्टीचं टोक कपाटावर आपटलं, कपाटावरची नकाशांची गुंडाळी हरेश शिपायाच्या डोक्यात पडली, हरेशच्या हातातला चहाचा ट्रे तिरका झाला. चहाचा एक थेंब सांडला नाही, कारण चहा वाचवण्यात हरेशनं हयात घालवली होती. पण चहा वाचवायला त्यानं जे कोपर बाहेर काढलं ते शाईच्या बाटलीला लागलं.

एका क्षणात सहाशे कुटुंबं पाण्याखाली गेली. ती अजून तिथं राहायला आली नव्हती, एवढंच काय ते समाधान.

शाई पसरली. आधी बटाट्याएवढी झाली, मग त्या बटाट्याला डावा पाय फुटला. तो पाय लांब लांब होत दोन गल्ल्या, एक बालवाडी आणि अर्धा दवाखाना गिळून अरुणाच्या पदरापाशी पोचला, आणि उरलेला पूर सुती पदरानं पिऊन टाकला.

सगळ्यांची पेनं थांबली. पंखासुद्धा जरा हळू फिरला म्हणतात.

“किती एकर गेलं?” सुधीरनं विचारलं.

“तीन आठवडे गेले,” अरुणा म्हणाली.

“आणि तुमच्या पदरावर घणसोली उमटलीय.”

अरुणानं पदराकडे पाहिलं. घणसोलीच होती. खाडीसकट. तिला रडायचं होतं, आलं हसू. आणि नेमके त्याच वेळी ऑफिसचे मुख्य, दिनानाथ साहेब, केबिनमधून बाहेर आले. साहेबांचा चष्मा कायम कपाळावर असे, त्यामुळे जगातल्या पुष्कळ गोष्टी त्यांना सुंदर दिसत.

“हे काय?” साहेबांनी डागावर बोट ठेवलं.

“तळं, सर,” सुधीर म्हणाला.

“कुणी सांगितलं होतं?”

“जमिनीचा उतार तिकडेच आहे, सर. आपण सांगितलं नाही तरी पाणी तिथंच जाणार.”

साहेब खूश झाले. “पाण्याचा विचार करणारा पहिला माणूस भेटला,” म्हणाले, आणि सही केली. अमोनिया प्रिंटवर, म्हणजे नकाशाच्या छापील प्रतीवर तर ते तळं मुळापेक्षाही देखणं उठलं. कंत्राटदार भलताच प्रामाणिक निघाला. त्यानं बटाटा खणला आणि लांब डावा पायही खणला. आज तिथं सकाळी माणसं पोट आत घेऊन फेऱ्या मारतात, आणि भोवतालच्या सोसायट्या ‘लेक व्ह्यू’ म्हणून मिरवतात. कुठल्या सेक्टरात ते विचारू नका. लोकांना कळलं की आपण एका डागाभोवती चालतो, तर उगाच वजन वाढायचं.

ट्रेसर म्हणजे कोण, हे आता सांगावं लागतं. आर्किटेक्ट पेन्सिलीनं नकाशा काढायचा. ट्रेसरनं त्यावर पारदर्शक कागद ताणून तोच नकाशा शाईत उतरवायचा. चुकलं तर ब्लेडनं हलकेच खरवडायचं. आपल्या मनाचं काही काढायचं नाही. अरुणा कामाला लागली त्या दिवशी दिनानाथ साहेबांनी सांगितलं होतं, “रेघ आर्किटेक्टची, हात तुमचा. मन घरी ठेवून येत जा.” अरुणा आज्ञाधारक. ती मन घरी ठेवून यायची. संध्याकाळी परत जावं तर ते तिथंच बसलेलं असायचं, जरासं कंटाळून.

पुराच्या दिवसानंतर मात्र ते मन डब्यातून ऑफिसात यायला लागलं.

पुढची दोन वर्षं सुधीर आपले नकाशे तिच्याच टेबलावर आणून ठेवी. दुसरे तीन ट्रेसर रिकामे बसलेले असत, तरी हा तिच्याच टेबलाशी उभा. बोलणं काय, तर जिन्याचं. पायरी सहा इंची असावी की सात इंची, यावर त्या दोघांनी दोन वर्षं काढली. जिन्याच्या पायऱ्यांवर एवढं बोलून वर न पोचलेलं दुसरं जोडपं महाराष्ट्रात नसेल. तो तिला ‘अरुणाबाई’ म्हणे, ती त्याला ‘शेवाळेसाहेब’. दोघंही ‘तुम्ही’.

मग १९८७ साली सुधीरच्या मामांनी त्याला कॅनडाला बोलावलं. विनिपेग नावाचं गाव. ऑफिसात कुणी ते ऐकलं नव्हतं. हरेशनं नकाशात शोधून काढलं आणि जाहीर केलं की आजूबाजूला काहीच नाही.

शेवटच्या दिवशी सुधीर म्हणाला, “चला, आपलं तळं बघून येऊ.” दोघं बसनं गेले. तळं नुकतंच भरलं होतं. काठावर एक म्हैस उभी होती, ती पुढं काय होतं ते बघत होती.

“तिकडं सगळं सपाट आहे म्हणे,” सुधीर म्हणाला. “आपल्या मिठागरासारखं. फक्त मीठ वरून पडतं.”

“हं.”

“पण इमारती फार सुंदर आहेत, अरुणाबाई. विधानभवन, विद्यापीठ. सगळं दगडी.”

“चित्रं पाठवा,” अरुणा म्हणाली. “ट्रेस करीन.”

संपलं. म्हैस निघून गेली. तिच्या लक्षात आलं असावं.

डिसेंबरात पहिलं कार्ड आलं. पुढं दर डिसेंबरात एक. पुढच्या बाजूला विनिपेगच्या एखाद्या इमारतीचं रंगीत चित्र, मागं सुधीरचं सुबक अक्षर. पहिल्या कार्डावर विधानभवन होतं. खांब, कमानी, मधोमध घुमट आणि घुमटावर हातात मशाल घेऊन पळणारा सोन्याचा पोरगा. मागं लिहिलं होतं: “मुख्य जिना तीन टप्प्यांचा. प्रत्येक टप्पा तेरा पायऱ्या. दोन बाजूंना दोन काशाचे गवे. संगमरवर पांढरा, पाऊल लगेच उठतं. सर्व ठीक. सुधीर शेवाळे.”

अरुणानं कार्ड उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं. तेरा पायऱ्या होत्या, गवे होते. तिच्यासाठी एक शब्द नव्हता.

तिनं उत्तर लिहिलं: “कार्ड मिळालं. इकडेही सर्व ठीक. अरुणा केळुसकर.” म्हणजे बाई काही कमी नव्हत्या.

पुढच्या सगळ्या वर्षांत अरुणाला हवं होतं ते एवढंच: त्या कार्डावर एक वाक्य, जे इमारतीचं नसेल, सुधीरचं असेल. जास्त नको. एक. तिनं लग्न केलं नाही याचं कारण ती कुणी विचारलं तर वेगवेगळं सांगे, पण खरं कारण एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात होतं, आणि दर डिसेंबरात एकाने वाढत होतं. १९९० साली सुधीरनं तिकडंच लग्न केलं. हे कार्डानं नाही, हरेशनं सांगितलं; सुधीरच्या घरी त्याचं अजून जाणंयेणं होतं. त्या वर्षीच्या कार्डावर जुनं रेल्वे स्टेशन होतं: “घुमट मोठा. हिवाळ्यात बुटांबरोबर रस्त्यावरचं मीठ आत येतं, फरशीवर पांढरं पसरतं. सर्व ठीक.” अरुणानं उत्तर लिहिलं: “अभिनंदन. इकडेही सर्व ठीक.” आणि दोन दिवस रजा टाकली, पोट दुखतं म्हणून.

कार्डांच्या या कारभाराला साक्षीदार एकच. पुतळाबाई. उरणजवळच्या मोऱ्याच्या जेटीवरून मासळी घेऊन ही बाई नेरूळात दारोदार येई. आधी टेम्पोनं, मग बसनं, आणि आता उरणची गाडी सुरू झाल्यापासून गाडीनं. बुधवारी आणि शुक्रवारी टोपली अरुणाच्या दारात उतरे. अरुणानं चौथ्या मजल्यावर हा फ्लॅट घेतला तो गॅलरीतून तळं दिसतं म्हणून, आणि पुतळाबाईला ते चार मजले कधीच मान्य झाले नाहीत.

“ताय, तुला तलमजला नाय मिलाला?” ती धापा टाकत म्हणायची. मग बसल्या बसल्या, “आला का कागुद? दाव.”

अरुणा कार्ड दाखवी. विधानभवनाच्या कार्डावर पुतळाबाईनं मिनिटभर डोळे बारीक केले होते.

“ह्यो वरती कोन हाय? उगडा?”

“सोन्याचा मुलगा आहे, मावशी. पुतळा.”

“एवऱ्या थंडीन उगडा? त्याला आईबाप नाय का?”

एका वर्षी कलादालनाचं कार्ड आलं. दगडी, तिकोनी, पुढं टोक काढलेली इमारत. पुतळाबाईनं बघताक्षणी मांडीवर थाप मारली. “ही तं आमची होरी! नाळ बग की, पुडचा टोक. पान्यान कवा सोरतान?” अरुणानं त्या रात्री नकाशा काढताना पहिल्यांदा त्या टोकाला बरोबर कोन दिला. साठ अंश धरले होते, ते चुकत होते.

कारण अरुणा शब्द पाळत होती. ती कार्डं ट्रेस करत होती. नुसती दर्शनी बाजू काढून तिचं समाधान होईना, म्हणून ती आतला नकाशाही काढू लागली. आता दर्शनी चित्रावरून आतलं कसं कळावं? पण दहा वर्षं नकाशे गिरवलेल्या बाईला खिडक्या बोलतात. उंच अरुंद खिडकी म्हणजे जिना. ओळीनं सारख्या खिडक्या म्हणजे वर्ग. आणि लहान, उंचावर बसवलेली, दुधी काचेची खिडकी कशाची, ते जगात कुठंही सांगावं लागत नाही.

तिचा हात मात्र नेरूळचा होता. त्यानं हजारो खिडक्यांवर पावसाचा छज्जा काढलेला. त्यामुळे विनिपेगच्या विद्यापीठाला तिनं नकळत सगळीकडे छज्जे लावले. रेल्वे स्टेशनच्या गच्चीवर पाण्याची टाकी बसवली. आणि विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला मागच्या बाजूनं, शांतपणे, कपडे वाळत घालायची एक गॅलरी काढून दिली.

१९९६ साली एका रविवारी तिनं नऊ कार्डं जमिनीवर ओळीनं मांडली आणि मागची अक्षरं सलग वाचली. तेरा पायऱ्या. पाऊल लगेच उठतं. मीठ पांढरं पसरतं. विद्यापीठ: “दगड खडबडीत, धूळ धरतो. खालून भुयारं आहेत, थंडीत एका इमारतीतून दुसरीत बाहेर न पडता जाता येतं, बादली गोठत नाही.”

बादली.

अरुणानं त्या शब्दावर बोट ठेवलं. आर्किटेक्ट पायऱ्या काढतो, मोजत बसत नाही. संगमरवरावर पाऊल लगेच उठतं हे ज्याला सलतं, त्याच्या हातात पेन्सिल नसते, ओलं फडकं असतं. तिकडे त्याची पदवी चालली नव्हती. ऑफिसात तर दिनानाथ साहेब प्रत्येक निरोप समारंभात सांगत होते की आपल्या शेवाळेनं अर्धा कॅनडा बांधला. अरुणानं कुणाला काही सांगितलं नाही. सुधीरलाही कळू दिलं नाही. पण त्या रविवारी तिनं विधानभवनाचा नकाशा पुन्हा घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मनाची एक रेघ ओढली. मुख्य जिन्याखाली तिनं एक छोटी खोली काढली. कोपऱ्यात बादलीला जागा, एक खुर्ची, आणि एक खिडकी. पेन तिथं रेंगाळलं, त्यामुळे खिडकीची रेघ जरा जाड आली. तिनं ती खरवडली नाही.

मग तिनं बाकीच्या आठही नकाशांत जिन्याखाली ती खोली काढली. पुढं येणाऱ्या प्रत्येकात काढली.

दुसऱ्याच वर्षी, १९९७ साली, एक चमत्कार झाला. कार्ड आलं त्यावर नदीकाठच्या इमारती होत्या, आणि मागं: “नदीला मोठा पूर आला होता. वाळूच्या पोत्यांच्या भिंती. तळं आठवलं. सर्व ठीक.”

तळं आठवलं! दोन शब्द! अरुणा त्या दोन शब्दांवर किती जगली ते पुतळाबाईला विचारावं. त्या शुक्रवारी अरुणानं मांदेली मागितली, बोंबील घेतले आणि सुटे परत घ्यायचे विसरली. “ताय, तुज्या तोंडाव आज उजेड हाय,” पुतळाबाई म्हणाली. “कागुदवाला येतो का काय?”

“नाही मावशी. त्याला तळं आठवलं.”

पुतळाबाईनं गॅलरीतून खाली तळ्याकडे पाहिलं, अरुणाकडे पाहिलं, आणि टोपली डोक्यावर घेतली. “तलं आटवलं,” ती जिना उतरताना स्वतःशीच म्हणाली. “मानूस कवा आटवल?”

वर्षं गेली. ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि ट्रेसरांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं गेलं. शाईची पेनं वाळली, अरुणाची सोडून. काचेच्या उंच संग्रहालयाचं कार्ड आलं तेव्हा मागं फक्त एवढंच होतं: “काच फार. सर्व ठीक.” तिनं ओळखलं की त्याचे गुडघे दुखत असणार. २०२० साली त्याची बायको वारली, हेही हरेशकडूनच कळलं. त्या पुढच्या तीन नकाशांत जिन्याखालच्या खोलीत अरुणानं दोन खुर्च्या काढल्या.

आणि २०२४ च्या फेब्रुवारीत घरातला जुना लँडलाइन फोन वाजला. “अरुणाबाई का? मी शेवाळे. नंबर हरेशनं दिला. भाच्याच्या, आशुतोषच्या लग्नाला आलोय. नेरूळलाच हॉल आहे. शुक्रवारी दुपारी तासभर येऊ का?”

अरुणानं फोन ठेवला आणि कामाला लागली. हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी बांधली आणि सदतीस नकाशे चिमट्यांनी लटकावले. हॉल पुरेना तेव्हा दोरी बेडरूममधून गॅलरीपर्यंत नेली. दोन दिवस विनिपेग शहर नेरूळच्या फ्लॅटमध्ये वाळत होतं. विधानभवन सोफ्यावर, रेल्वे स्टेशन फ्रिजपाशी, विद्यापीठ देवघरासमोर.

शुक्रवारी बरोबर तीन वाजता सुधीर आला. पासष्ट वर्षांचा, वाकलेला, डोक्यावरचे केस सगळे गेलेले. आत येताना दाराची चौकट त्याच्या खांद्याला लागली. अरुणाला बरं वाटलं. अगदीच काही बदललं नव्हतं.

तो नकाशांमधून वाकून वाकून फिरू लागला. अरुणा घावनाचा तवा सोडून दाराशी उभी. विद्यापीठापाशी तो थांबला, चष्मा पुसला, परत लावला, आणि एकदम मोठ्यानं हसला.

“अगं, हे काय? विद्यापीठाला कपडे वाळत घालायची गॅलरी?”

अगं! अडतीस नव्हे, एकोणचाळीस वर्षांत पहिलं ‘अगं’.

“हात... सवयीनं गेला,” ती म्हणाली.

“उणे तीस अंशांत कोण वाळत घालणार? कुलगुरू?” तो डोळे पुसत होता. “आणि स्टेशनवर टाकी! अगं, बर्फाची लादी होईल तिची!” हसता हसता तो पुढच्या नकाशाकडे वाकला, आणि त्याचं हसणं हळूहळू थांबलं. तो मागच्या नकाशाकडे गेला. परत पुढं आला. मग एकेक करत सगळ्या नकाशांत जिन्याखाली बोट ठेवत गेला.

“इथं खिडकी नसते,” तो शेवटी म्हणाला.

“माहीत आहे.”

“खुर्चीही नसते. उलटी बादली असते.”

“माहीत आहे.”

मग त्याची मोजायची जुनी सवय जागी झाली. “चौतिसांत एक खुर्ची आहे,” तो म्हणाला. “शेवटच्या तिनांत दोन.”

“हो,” अरुणा म्हणाली. तव्यावरचं घावन करपल्याचा वास येत होता. तिनं तो येऊ दिला.

सुधीरनं तोंड उघडलं. आणि दारावरची बेल वाजली.

शुक्रवार होता. पुतळाबाई टोपली घेऊन थेट आत आली, विनिपेगच्या विधानभवनाखालून वाकून गेली आणि सुधीरसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“तू त्यो कागुदवाला?”

“हो, मावशी.”

“तेरा पायऱ्यावाला?”

“हो.”

“बरा भेटलास. आता सांग, एवरी वरसां तिकरं करत काय व्हतास?”

“फरशी पुसत होतो, मावशी,” सुधीर म्हणाला. जे सदतीस कार्डांवर मावलं नव्हतं, ते एका दमात बाहेर आलं. “आधी भुयारं, मग जिने. शेवटी काचा.”

“मंग त्यान काय झालं? मी टोपली व्हाते. एवऱ्यासाठी तू हिला दगडं मोजून दावलीस?” ती अरुणाकडे वळली. “ताय, पापलेट हाय. पाव्हना हाय, घे.”

सुधीर पुन्हा हसला, पण आता हलकं. खांद्यावरचं ओझं टोपलीत टाकल्यासारखा. पुतळाबाई गेली, दोघांनी उरलेली घावनं नारळाच्या रसात बुडवून खाल्ली. मग तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

“अजून तसंच आहे,” तो म्हणाला. “डावा पाय लांब.”

“हो.”

“अरुणा,” तो तळ्याकडे बघत म्हणाला, “मला तुला पुष्कळ सांगायचं होतं. दर वर्षी. पण त्या कार्डावर जागाच नसायची.”

कार्डाचा अर्धा भाग कायम कोरा असे. अरुणाला त्या कोऱ्या भागाची लांबी-रुंदी पाठ होती. ती वाट बघत राहिली. एकोणचाळीस वर्षं बघितली, अजून दोन मिनिटांनी काय होतंय.

सुधीरनं खिशातून फोन काढला. “तू व्हॉट्सअ‍ॅपवर आहेस ना? मोबाइलचा नंबर दे. आता कार्डाची कटकटच नको. मनात आलं की लगेच लिहिता येतं.”

अरुणानं नंबर दिला. स्वतःचाच नंबर सांगताना एक आकडा चुकली. खाली आशुतोषची गाडी येऊन हॉर्न वाजवत होती. सुधीरनं विधानभवनाचा नकाशा मागून घेतला, जाड रेघेच्या खिडकीचा. गुंडाळी काखेत मारून तो निघाला, आणि दारातून जाताना गुंडाळीच्या टोकानं तिच्या शेजाऱ्यांची तोरणाची माळ खाली पाडली.

तो रविवारच्या विमानानं गेला. मंगळवारी सकाळी साडेसहाला अरुणाचा फोन वाजला. तिनं गॅस बंद केला, हात पुसले, चष्मा लावला, आणि खुर्चीत नीट बसून मग मेसेज उघडला.

एक गुलाब. एक वाफाळता कप. ‘शुभ सकाळ’.

प्रस्तावना असेल, असं अरुणाला वाटलं. तिनं उत्तर लिहिलं, “शुभ सकाळ. पोचलात का नीट?” दुसऱ्या दिवशी कमळ आलं. तिसऱ्या दिवशी उगवता सूर्य आणि आयुष्य म्हणजे नदी आहे असं काहीसं. मग गुडघेदुखीवर मेथीचे दाणे. दर सकाळी साडेसहाला, एकही दिवस न चुकता, कुणीतरी कुठंतरी तयार केलेलं, दहा जणांच्या हातून फिरून आलेलं. त्यात त्याचं एक अक्षर नव्हतं.

डिसेंबरात कार्ड आलं नाही. “आता कार्डं कुठं मिळतात,” असं त्यानं कळवलं, आणि खाली एक हात जोडलेला बाहुला.

आजपर्यंत तीनशे चार मेसेज झाले. अरुणानं त्याला म्यूट केलंय.